सोजरमायच्या दुकानातली कणगी

मी कणगी. नाव ऐकून तुमच्यातले निम्मे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील हे मला ठाऊक आहे, मित्रांनो, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली, उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच टोपली म्हणजे मी. माझ्यात धान्य साठवायचे. आता माझ्यात काय आहे, ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूरकडच्या एका कोलाम आदिवासींच्या गुड्यात, म्हणजे वाडीवर, मला एका म्हाताऱ्यानं विणलं. फार खाष्ट होता. कामट्या सोलताना बांबूशी भांडायचा, विणताना माझ्याशी. मला न्यायला सोजरबाई नवऱ्याबरोबर आली तेव्हा त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत तिला बजावलं, "हिला पत्र्याची टाकी समजू नका. ही श्वास घेते. म्हणून धान्य नासत नाही." सोजरबाईनं माझ्या पोटावरून हात फिरवला आणि हसून म्हणाली, "घेऊ दे ना बाप्पा. आमच्या घरात कोणाचा श्वास नाही आडवत आमी." तेव्हा ती नवी नवरी होती. मलाही तेव्हा स्वतःचा फार तोरा होता.

तिचं घर नेरडीगोंड्याला, मोठ्या रस्त्याच्या कडेला. मळ्यात भाजी पिकवायची आणि रस्त्यावर बसून विकायची. नवरा, चंपतराव, लवकर गेला. मुलगा पंकज तेव्हा शाळेत जायचा. बाईनं रडणं आवरलं आणि दुसऱ्या आठवड्यात टोपली घेऊन बसली. मी हे सगळं पाहिलं आहे, कारण मी तिच्या ओसरीवर उभी होते.

मला भरायची तिची एक रीत होती. तळाला चाळलेली राख. राखेवर कडुनिंबाचा वाळलेला पाला. मग ज्वारी, मग पुन्हा पाला. तोंडावर टोपलं उपडं घालायचं आणि कडेनं शेणमातीचा लेप द्यायचा. तो लेप ती तीन बोटांनी ओढायची, त्यामुळे माझ्या गळ्याभोवती तीन रेघा उमटायच्या. गावातल्या बाया लांबून बघून सांगत, हा सोजरचा हात. अधूनमधून ती लेप फोडायची, खांद्यापर्यंत हात आत घालायची आणि धान्य तापलंय का ते बघायची. आणखी एक नेम होता. माझा तळ कधी उघडा पडू द्यायचा नाही. जुनी ज्वारी संपत आली की चार पसे खाली ठेवायचे आणि त्यावर नवी ओतायची. तळ उघडा पडणं तिला घर बुडाल्यासारखं वाटे. दुपारी जेवण झालं की माझ्या पोटाला पाठ टेकून डोळे मिटायची. शेणमाती थंड असते. तिच्या पाठीचं ओझं अंगावर आलं की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

आता दुकानाची गोष्ट. तिची मैत्रीण भागीरथा, आतल्या गावची, पऱ्हाटी म्हणजे कापूस पिकवणारी. तुम्हाला माहीत असेल, पऱ्हाटीवर किती फवारे मारावे लागतात. पण आमच्याकडच्या घरांत एक पद्धत आहे. बाजारात जायचं पीक वेगळं आणि घरी खायची ज्वारी वेगळी. घराजवळच्या एका पट्ट्यात ती पेरायची, तिला औषधाचा थेंब लागू द्यायचा नाही. भागीरथा त्या ज्वारीतली थोडी सोजरबाईला द्यायची. एकदा हैदराबादची एक गाडी भाजी घ्यायला थांबली. सोजरबाई भाकरी खात बसली होती, तिनं आपल्या ताटातली अर्धी मोडून गाडीतल्या बाईच्या हातावर ठेवली. त्या बाईनं ती उभ्याउभ्या खाल्ली आणि विचारलं, "ही ज्वारी कुठं मिळते?"

"मिळत नाही. ही घरची हाय."

"घरची म्हणजे?"

"घरची म्हंजे आमी खातो ते. इकतो ते येगळं."

गाडीतल्या बाईनं भाजी घेतली. गाडी गेल्यावर सोजरबाई बराच वेळ तोंडातला घास चावत बसली. दुसऱ्या दिवशी भागीरथा आली तशी तिला म्हणाली, "भागीरथे, जे तू खाते तेच मले देत जा. लोकाइले ते इकून पाहू."

"येडी झाली काय वं? महाग पडन."

"पडू दे. पन माह्या घरात शिजते तेच मी इकीन. औषदाचं नाही म्हन्लं त नाही. हा माहा शब्द हाय, अन् तो मोडला त सोजर मेली समज."

भागीरथा हसली. बायका असं बोलतातच. पण त्या शब्दावर पुढं पाच दुकानं उभी राहिली, म्हणून तो मी तुम्हाला जसाच्या तसा सांगितला.

पत्र्याच्या शेडखाली ज्वारी, तूर, जवस, तीळ असं सुरू झालं. मी ओसरीवरून दुकानात आले. गिऱ्हाईक आलं की माझ्यातून ज्वारी काढून द्यायची. कधी कोणी ओरडायचं, "अगं बाई, किडा!" तर सोजरबाई खो खो हसायची. "जिता हाय ना? मंग काऊन भेता? मेला असता त मी तुमाले देल्लं नसतं." मग खाटेवर ज्वारी पसरायची, ऊन द्यायची, चाळून पुन्हा पिशवीत भरायची. लोक थांबायचे. चहा प्यायचे. तिच्याशी बोलायला म्हणून थांबायचे, मी सांगते.

पंकज निर्मलला शिकून परत आला तेव्हा दुकानाला थांबणारी गिऱ्हाइकं बघून त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली. हुशार पोरगा होता. वाईट मुळीच नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल. त्यानं आईचा फोटो काढून घेतला. डोक्यावर पदर, हातात ज्वारीचं कणीस. फोटोखाली तेलुगूत आणि मराठीत नाव, ‘सोजरमाय’. त्याखाली लिहिलं, ‘विषमुक्त घरचं धान्य’. फोटो पाहून बाई लाजली आणि म्हणाली, "माहं थोबाड पाहून कोन घेईन रे?" पण लोकांनी घेतलं. करोनाच्या दिवसांत तर लोकांना एकदम पोटाची काळजी वाटायला लागली. निर्मलला दुकान निघालं, मग मुधोळला, मग भैंशाला. भागीरथाच्या मागं आजूबाजूच्या गावच्या कितीतरी बाया घरच्या ज्वारीचे पट्टे वाढवून पोती पाठवू लागल्या. पंकजचं लग्न झालं. सून आली, रुपा, बोलायला सडेतोड आणि मनानं चांगली. पंकजनं आईचा शब्द पाळला. धान्य फार दिवस ठेवायचंच नाही, आलं की विकायचं, म्हणजे किडा पडायला वेळच मिळत नाही, अशी त्यानं सोय लावली. आईला त्याचा अभिमान होता. मला सुद्धा होता.

मग आदिलाबादचं दुकान. काचेचं! बाहेरून बघावं तर आपलंच तोंड दिसायचं. आत थंड हवेचं यंत्र, फळ्यांवर पाकिटांच्या रांगा, सगळ्या पाकिटांवर सोजरबाई. आणि मधोमध मी. मला टेंपोत घालून आणलं, अंगावर चुन्याची नक्षी काढली, डोक्यावर पिवळा दिवा लावला. भागीरथाची ज्वारी काठोकाठ भरली आणि लेप दिला. पण विकायचं धान्य गोदामातून पाकिटांत यायचं. माझ्यातून कोणी एक पसाही काढेना. लोक यायचे, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि पाकीट घेऊन जायचे. काम काढून घेतलं आणि शोभेला उभं केलं की कसं वाटतं, ते तुमच्या आजोबांना विचारा.

सोजरबाई आता इथंच राहायला आली होती. दुपारी दुकानाचं शटर खाली ओढायचे तेव्हा आत माझ्याजवळ चटई टाकून पडायची. बाहेर आदिलाबादचं ऊन, घरी पत्रा तापलेला. "इथं बरं वाटते वं," ती मला म्हणायची, आणि माझ्या पोटाला पाठ लावायची.

धान्य एका जागी पडून राहिलं की त्याला किडा लागणारच. माझ्यात टोके झाले. लेपाच्या फटींतून बाहेर पडले, चुन्याच्या नक्षीवरून चालत खाली उतरले आणि पाकिटांच्या फळीवर गेले. एका बाईनं ते मोबाईलमध्ये टिपलं. तिनं खाली काय लिहिलं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत पंकजचा फोन वाजत राहिला. त्याचा चेहरा उतरला. त्यातून हैदराबादहून एक बडा माणूस पुढच्या आठवड्यात दुकान बघायला येणार होता. त्याला आवडलं तर तिकडं, मोठ्या शहरात, सोजरमायची दुकानं निघणार होती.

"माय, कनगी खाली करून टाकू," पंकज म्हणाला.

"तळ उघडा करू काय? येडा हाय काय तू? मी भागीरथाच्या पोरीचं लगन निपटून येतो. आलो का ऊन दाखवून, चाळून देतो. दोन दिवसाचं काम हाय."

"पाव्हना पाहीन ना माय."

"पाहू दे. जिता किडा हाय."

ती हसत हसत लग्नाला गेली.

पंकज हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाला ‘आत काम चालू आहे’ अशी पाटी लावली आणि शटर ओढलं. त्याच्या हातात औषधाच्या दुकानातून आणलेली लहानशी डबी होती. धान्यात ठेवायच्या गोळ्या. त्या गोळ्यांतून हवा सुटते आणि किडे मरतात. पत्र्याच्या बंद टाकीत, माणसांपासून लांब, ज्यांना कळतं त्यांनी ठेवायच्या असतात त्या. पंकजनं गळ्यातला चौकड्यांचा रुमाल सोडला. आईनं आणलेला रुमाल तो. त्यात गोळ्या बांधल्या, लेप फोडला आणि पुरचुंडी माझ्यात वरच्यावर ठेवली. मग आई देते तसा शेणमातीचा लेप दिला. पण त्यानं तो तळहातानं दिला, सपाट. "चार दिवस बंद ठेवू," तो स्वतःशीच बोलला. "माय यायाच्या आगोदर सगळं साफ करतो. कोनाले काही सांगाचं काम नाही." रुपालासुद्धा त्यानं सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली असेल. आईनं दिलेला शब्द तो मोडत होता, आणि हे त्याला चांगलं कळत होतं.

एवढंच कळलं नाही की मी टाकी नाही. त्या कोलाम म्हाताऱ्याचं बोलणं ऐकायला पंकज तेव्हा जन्मलाच नव्हता. माझ्या अंगाला हजार बारीक भोकं आहेत, मित्रांनो. त्यांतून वारा आत-बाहेर जातो, म्हणून माझ्यातलं धान्य टिकतं. त्या दिवशी माझ्या प्रत्येक भोकातून ते विष बाहेर यायला लागलं. मी ते धरून ठेवायला किती धडपडले! कसं धरणार? माझ्या बुडाशी मुंग्यांची रांग होती, ती जागच्या जागी थांबली. भिंतीवरची पाल खाली पडली आणि उलटी होऊन राहिली. मला वाटलं, काच बंद आहे, शटर बंद आहे, कोणी येणार नाही. चार दिवस जातील.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शटरचं कुलूप खडखडलं. एक किल्ली सोजरबाईच्या कमरेला असायची. लग्न निपटल्यावर ती एक दिवस जास्त थांबणार होती, पण थांबली नाही. का, ते ती आत येता येता फोनवर रुपाला सांगत होती: "पाव्हना यायाच्या आगोदर कनगी चाळून ठेवतो म्हन्लं. पंकजच्या जिवाले घोर लागून हाय. तू च्या घेऊन ये आरामानं. पंकज कुठं हाय?... निर्मलले? बरं." म्हणजे पोराचंच काम हलकं करायला ती आली होती. ऊन आत येऊ नये म्हणून तिनं शटर पुन्हा खाली ओढलं.

तिनं नाक मुरडलं. "कोनं लसून ठेचला वं इथं?" मग तिला पाल दिसली. मग ती माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिली. तिथं तीन रेघा नव्हत्या. "हा लेप माहा नोहे," ती हळूच म्हणाली.

जा बाई, मी म्हणत होते. शटर उघड आणि रस्त्यावर पळ. पण मला आवाज नाही. तिनं लेप फोडला आणि नेहमीसारखा खांद्यापर्यंत हात आत घातला, तोंड माझ्या तोंडाजवळ आणून. आतली सगळी कोंडलेली हवा तिच्या तोंडावर आली. तिला जोराचा ठसका लागला. हात बाहेर आला तेव्हा त्यात रुमाल होता.

आमच्याकडच्या माणसाला ती पुरचुंडी काय आहे ते सांगावं लागत नाही. त्या गोळ्यांनी गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. आणि रुमाल कोणाचा, हेही तिला सांगावं लागलं नाही. "पंकज," ती म्हणाली, "काय केलं रे बाप्पा हे?"

तिनं तो रुमाल बाहेर फेकून दिला असता तर! दार उघडून ओरडली असती तर! तेवढा वेळ तेव्हाही होता, असं मला अजून वाटतं. पण तिनं काय केलं ते ऐका. रुमाल पुन्हा आत घातला, ज्वारी बाजूला करत करत हात पोचेल तितका खोल नेला आणि वरून ज्वारी लोटली. टोपलं ठेवलं. फुटलेली माती बाटलीतल्या पाण्यात कालवली आणि खोकत खोकत माझ्या गळ्याभोवती लेप ओढला. तीन बोटांनी. मग माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू पाह्यलं ना? कोनाले सांगू नोको."

नंतर ती दाराकडे वळली. पण पाय उचलले नाहीत. खाली बसली, आणि सवयीनं माझ्या पोटाला पाठ टेकली. तिची पाठ माझ्यावर, आणि माझ्या अंगातून ते येतच होतं. त्या वेळी कोणी मला कुऱ्हाडीनं फोडलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

रुपा चहा घेऊन आली तेव्हा सोजरबाई ओकत होती. रुपाच्या हातातली किटली पडली. आरडाओरडा झाला, रिक्षा आली, तिला दवाखान्यात नेलं. पंकज निर्मलहून थेट तिकडंच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई गेली.

दवाखान्यात काय झालं ते मला कळलं तिचा दहावा झाल्यावर. पंकज आणि रुपा दुकान साफ करायला आले होते. पंकजनं माझ्या गळ्याला हात लावला आणि तो मागं सरकला. भुतानं धरल्यासारखा उभा राहिला.

"काय झालं?" रुपानं विचारलं.

"हे बोटं पाह. मी तळहातानं लिंपलं व्हतं. रुपा, मायले मालूम झालं व्हतं. मायनं काढून पाह्यलं अन् परत ठेवलं."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. रुपानं हातातला झाडू खाली ठेवला. "म्हंजे सासूबाईनं गोळी खाल्ली नाही?"

"नाही."

"मंग डॉक्टरनं इचारलं का तुमी गोळी खाल्ली काय, तवा त्या हो म्हन्ल्या ते?"

"मी सांगनार व्हतो. माहं तोंड उघडलं व्हतं. मायनं माह्या हातावर हात ठेवला अन् म्हन्ली, हो, मीच खाल्ली, पोट लय दुखते. पोलीसबी व्हते तिथं."

"त्या मरून राह्यल्या व्हत्या! तुमी त जिते व्हते ना? तुमाले काय झालं व्हतं बोलाले?"

"सांगतलं असतं त काय झालं असतं मालूम हाय? दुकानातल्या धान्यात गोळी. सोजरमायच्या दुकानात! एका दिवसात सगळी दुकानं गेली असती. मायचा शब्द गेला असता."

"अन् मायचं नाव?" रुपानं विचारलं. पोलिसांच्या कागदावर ‘पोटदुखीला कंटाळून’ असं लिहिलं गेलं होतं, आणि तिच्यावर माती पडली होती.

तिनं कोणाला वाचवलं, लेकाला की शब्दाला, यावर मी फार विचार केला आहे. मला ठरवता आलं नाही. दोन्ही तिचेच होते.

मित्रांनो, आता त्या खोट्याचं काय झालं ते सांगते. किड्यामुळे दुकानं बुडतील असं पंकजला वाटलं होतं. मग गोळीचं सांगितलं तर बुडतील असं वाटलं. ती बुडाली तिसऱ्याच कारणानं. गावागावांत लोक बोलायला लागले, जिचा फोटो विषमुक्त म्हणून पिशवीवर आहे, तीच बाई विष खाऊन मेली. पोटदुखीवर कोणाचा विश्वास बसेना. एवढी हसरी बाई, पाच दुकानांची मालकीण, ती का विष खाईल? लेकानं आणि सुनेनं छळलं असेल. तिला काचेच्या दुकानात बाहुलीसारखी बसवून ठेवत होते, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. रुपा बाजारात गेली की बाया तोंड फिरवायच्या. तिनं तर काही केलंच नव्हतं.

भागीरथा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आली. रडली नाही. "माही ज्वारी परत दे," म्हणाली. "सोजर जीव देनाऱ्यातली नोहती. माह्या पोरीच्या लग्नात नाचली ते, मराच्या दोन दिवस आगोदर. तुमी तिले जगू देल्लं नाही." पंकजनं गोदामाचं कुलूप काढून दिलं. तिनं आपली पोती ट्रॅक्टरवर चढवली. तिच्या पाठोपाठ बाकीच्या बायांनीही धान्य पाठवणं थांबवलं.

पंकजनं मग बाजारातून माल उचलला. चकचकीत, एकही किडा नसलेला. पाकिटावर तोच फोटो. पण भाकरी खाणाऱ्याला कळतं. मुधोळचं दुकान आधी बंद झालं, मग भैंशाचं, मग निर्मलचं, शेवटी नेरडीगोंड्याची शेडसुद्धा. हैदराबादच्या पाहुण्यानं नंतर फोनसुद्धा उचलला नाही. आदिलाबादच्या दुकानाची काच कोणीतरी काढून नेली, फळ्या नेल्या, थंड हवेचं यंत्र नेलं. आता तिथं मोबाईलची दुकानदारी चालते. रुपा माहेरी गेली ती आली नाही. तिनंही कोणाला काही सांगितलं नाही. कितीही झालं तरी नवरा, त्याला तुरुंगात घालायला तिचं तोंड उघडलं नाही.

मला कोणी घेतलं नाही. टेंपोनं मला पुन्हा नेरडीगोंड्याला आणलं आणि घराच्या मागं, उघड्यावर, बोरीच्या झाडाखाली टाकलं. पंकज आता रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाच्या दुकानात पोती उचलतो. संध्याकाळी येतो आणि माझ्याजवळ बसतो. माझ्या गळ्याचा लेप त्यानं अजून फोडलेला नाही. हात पुढं करतो आणि मागं घेतो.

गेल्या महिन्यात भागीरथा आली. आता ती थकली आहे. काठी टेकत मागच्या अंगाला आली आणि माझ्याकडे बघून तिथंच थबकली. मग माझ्याजवळ बसली आणि गळ्यावरच्या तीन रेघांवरून आपली बोटं फिरवली. "हा सोजरचा हात हाय," म्हणाली आणि तेव्हा रडली. मनसोक्त रडली. पंकज दारात उभा होता.

"पंकज, मले ही कनगी दे. माह्या घरात ठेवतो. नातवंडं निजते त्या खोलीत जागा हाय."

"नाही मावशी."

"काऊन? तुह्या काय कामाची हाय?"

"नाही देत."

"आत काय हाय? फोडून त पाहू दे. तिनं भरलेली ज्वारी असन त चार दाने मी शेतात टाकीन." तिनं काठी ठेवून माझ्या टोपल्याला हात घातला.

पंकज धावत आला आणि त्यानं दोन्ही हात टोपल्यावर दाबले. "नोका फोडू मावशी! पाया पडतो तुमच्या!" त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता. आता सांगतो हा. सांग रे पोरा, मी म्हटलं, तिला ऐकू दे, मग तुझं जे व्हायचं ते होऊ दे. त्याच्या घशातून आवाजही निघाला. पण तो नुसता "नोका" असाच निघाला.

भागीरथा उठली. "मायले खाल्लं," ती म्हणाली, "आता तिची निशानीबी खाय. तुह्या घरचं पानी नाही पेनार मी." आणि ती गेली. पंकज माझ्याशेजारी मातीत बसला आणि अंधार पडेपर्यंत तसाच बसून राहिला.

आता माझ्यात काय आहे ते तुम्हाला कळलंच आहे. काठोकाठ ज्वारी, जी कोणी खाऊ नये. चार पसे राख. आणि खोल आत चौकड्यांचा एक रुमाल, त्यात करडी भुकटी. माझा तळ अजून उघडा पडलेला नाही. वाळवी मात्र एका बाजूनं चढते आहे. यंदाच्या पावसात लेप विरघळेल, तीन रेघा जातील, मग मी बसेन आणि रुमाल बाहेर येईल. तो कसला रुमाल, हे तेव्हा कोणाला कळणार नाही.

माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मला खुशाल जाळा, फक्त धुरात उभं राहू नका. तुमच्याकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. घरात कोणी धान्यात गोळी ठेवली असेल तर त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देऊ नका, आणि ठेवणाऱ्याला घरातल्या लहानथोर सगळ्यांना ते सांगायला लावा, त्याला कितीही लाज वाटली तरी. आणि कधी नेरडीगोंड्याला उतरलात तर भागीरथाचं घर विचारा. कोणीही दाखवेल. ती ओसरीवर बसलेली असेल. तिला एवढंच सांगा, की सोजरबाईनं विष खाल्लं नव्हतं, ती पोराचा घोर हलका करायला लग्नातून लवकर निघाली होती.

कोणाले सांगू नोको, असं सोजरबाई मला म्हणाली होती. जन्मभर मी तिचं सगळं ऐकलं. हे मात्र मी ऐकणार नाही.